मधला शेल काढा

पायथॉन, पर्ल, रुबी किंवा पीएचपीत लिहिलेल्या प्रोग्रॅममधून बाहेरची कमांड चालवायची वेळ आली की एक सल्ला हमखास मिळतो: आख्खी कमांड एका स्ट्रिंगमध्ये जोडा, मधे फाइलचं नाव घाला आणि ती शेलकडे सोपवा. कुणी हरकत घेतली तर तीन उत्तरं तयार असतात. स्क्रिप्ट घरातलीच आहे, बाहेरचं कुणी तिच्यापर्यंत पोचत नाही. इनपुट आम्ही आधी साफ करून घेतो. आणि शेल नसेल तर पाइप कसे जोडायचे? बोलणारी माणसं अनुभवी असतात, त्यामुळे नवीन मुलं हे निमूटपणे शिकतात आणि पुढे आपल्या हाताखालच्यांना शिकवतात. ही तिन्ही उत्तरं चुकीची आहेत असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांची किंमत लोकांनी आपल्या डेटाने मोजली आहे, म्हणून हा प्रतिवाद.

माझा आक्षेप नेमका कशावर आहे ते आधी सांगतो. आपल्या प्रोग्रॅममधून दुसरा प्रोग्रॅम बोलावण्यात कमीपणा काहीच नाही. व्हिडिओचं काम एफएफएमपेगकडे द्यावं, आवृत्त्यांचा हिशेब गिटकडे द्यावा, हे शहाणपणाचंच आहे. आक्षेप आहे तो या दोघांच्या मधे विनाकारण आणून बसवलेल्या शेलवर.

युनिक्सच्या कर्नलला कमांडची ओळ वगैरे काही ठाऊक नसतं. नवा प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या एक्झेक या सिस्टिम कॉलला प्रोग्रॅमचा मार्ग, आर्ग्युमेंटची यादी आणि एन्व्हायर्नमेंट एवढंच द्यावं लागतं. यादीतला प्रत्येक आर्ग्युमेंट सुटा असतो आणि शून्य बाइटपाशी संपतो. त्याच्या पोटात स्पेस आहे की कंस, अर्धविराम आहे की डॉलर, याची कर्नलला फिकीर नसते. शेल जन्माला आला तो टर्मिनलपाशी बसलेल्या माणसासाठी. माणूस एक ओळ टाइप करतो. शेल ती स्पेसपाशी तोडतो, स्टारच्या जागी फाइलींची नावं भरतो, डॉलरच्या जागी व्हेरिएबलची किंमत घालतो, अर्धविराम दिसला की नवी कमांड सुरू करतो. माणसाला ही मोठी सोय आहे. प्रोग्रॅमकडे मात्र आर्ग्युमेंट मुळातच सुटे असतात. ते एका ओळीत चिकटवायचे आणि शेल ते आपल्या मनासारखे पुन्हा सुटे करील अशी आशा धरायची, यातून चुकीला वाट मिळण्यापलीकडे काहीही साधत नाही. छापील अर्जात नावाच्या रकान्यात काहीही लिहिलं तरी ते नावच राहतं. आर्ग्युमेंटची यादी म्हणजे असे रकाने. स्ट्रिंग जोडली की रकाने पुसले जातात आणि नाव कुठे संपलं, हुकूम कुठे सुरू झाला, हे वाचणारा ठरवतो.

सी भाषेतलं सिस्टिम हे फंक्शन /बिन/एसएच चालवून त्याला आपली स्ट्रिंग देतं. पायथॉनचं ओएस डॉट सिस्टिम हेच करतं. पर्ल आणि रुबी आणखी एक पाऊल पुढे जातात. एकच स्ट्रिंग दिली तर आधी तिच्यात शेलची खास चिन्हं आहेत का ते पाहतात. नसतील तर प्रोग्रॅम थेट चालवतात, असतील तर शेलला बोलावतात. म्हणजे कोडची तीच ओळ डेटा कसा येतो त्यावर दोन वेगळ्या वाटांनी चालते. साध्या नावांवर चाचणी करणाऱ्याला दुसरी वाट दिसतच नाही. याला सोय म्हणणं मला पटत नाही. जॉन ऑस्टरहाउट यांच्या टीसीएल भाषेतली एक्झेक कमांड शेलला वाटेत घेत नाही, आणि ती भाषा १९८०च्या दशकाच्या अखेरची आहे. पायथॉनमध्ये पीटर ऑस्ट्रांड यांच्या प्रस्तावातून आलेलं सबप्रोसेस मॉड्यूल २००४ साली २.४ या आवृत्तीत दाखल झालं. त्यात यादी देणं हा सरळ मार्ग आहे; शेल हवा असेल तर ‘शेल = ट्रू’ असं मुद्दाम लिहावं लागतं. पीएचपीच्या प्रॉक-ओपनला ७.४पासून यादी देता येते, नोडमध्ये स्पॉन आणि एक्झेकफाइल आहेत. तेव्हा साधन नव्हतं ही सबब आता कुणालाच उरलेली नाही.

एक उदाहरण जवळून पाहू. फाइलचं नाव आहे ‘ताळेबंद & टिपणी.पीडीएफ’. स्क्रिप्ट ‘जीझिप’ आणि स्पेस यांच्यापुढे हे नाव जोडते आणि ओएस डॉट सिस्टिमला देते. शेलला ॲम्परसँड दिसतो. त्याच्या भाषेत याचा अर्थ, अलीकडची कमांड पार्श्वभूमीला चालू दे आणि पुढची घे. मग ‘ताळेबंद’ नावाची फाइल शोधायला जीझिप निघतो. तशी फाइलच नसते. तिकडे शेल ‘टिपणी.पीडीएफ’ नावाचा प्रोग्रॅम शोधतो. तोही सापडत नाही, आणि शेल १२७ हा एक्झिट कोड देऊन थांबतो. फाइल होती तशीच राहते.

पुढचा भाग जास्त गंभीर आहे. लिनक्सवर ओएस डॉट सिस्टिम हे १२७ जसंच्या तसं परत करत नाही. ते कर्नलने दिलेली कच्ची स्थिती परत करतं, आणि तिच्यात एक्झिट कोड वरच्या बाइटमध्ये असतो. म्हणून हाती येतात १२७ गुणिले २५६, म्हणजे ३२,५१२. आता कुणी भोळेपणाने हा आकडा तसाच सिस डॉट एक्झिटला दिला, तर सिस्टिम त्याची फक्त खालची आठ बिट ठेवते. ती असतात शून्य. युनिक्समध्ये शून्याचा अर्थ काम फत्ते. फाइल दाबली गेली नाही, कमांड सापडली नाही, तरी क्रॉनला निरोप जातो की सगळं ठीक आहे. यात कुणी हल्लेखोर नव्हता. साधं नाव होतं आणि मधे शेल होता.

इथेच पहिल्या उत्तराचा निकाल लागतो. स्क्रिप्ट घरातली आहे, हे खरं; पण फाइलींची नावं माणसं ठेवतात. आपल्याकडच्या कुठल्याही कचेरीतला फोल्डर उघडून पाहावा. ‘सातबारा उतारा (नवीन).पीडीएफ’, ‘मंजुरी & पत्रव्यवहार’, एकच फाइल दोनदा उतरवली म्हणून ब्राउझरने नावापुढे कंसात जोडलेला आकडा. अवतरणचिन्हाबाहेरचा कंस शेलच्या व्याकरणात मोडतो आणि नावातला कंस म्हणजे सरळ सिंटॅक्स एरर. ही नावं कुणी खोडसाळपणे दिलेली नाहीत; लिनक्सच्या फाइलसिस्टिममध्ये स्लॅश आणि शून्य बाइट सोडून बाकी सगळं नावात चालतं, आणि लोक ती मुभा वापरतात. त्यांनी ती का वापरू नये?

‘घरातली स्क्रिप्ट’ किती नासधूस करू शकते, याचे दोन जाहीर दाखले आहेत. दोन्ही निखळ शेल स्क्रिप्टचे आहेत, पण ओएस डॉट सिस्टिम आपल्या घरात आणतं ते हेच यंत्र. ॲपलने नोव्हेंबर २००१मध्ये आयट्यून्स २.० आणलं. त्याच्या इन्स्टॉलरमधली स्क्रिप्ट जुनी आवृत्ती पुसत असे, आणि तिथे डिस्कचा मार्ग अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेला होता. डिस्कच्या नावात स्पेस असली की शेल मार्ग तोडायचा आणि पुसण्याच्या कमांडच्या हाती भलताच पत्ता लागायचा. लोकांचा डेटा गेला आणि ॲपलला घाईने सुधारित आवृत्ती द्यावी लागली. दुसरा दाखला जानेवारी २०१५मधला, लिनक्सवरच्या स्टीमचा. आपला फोल्डर कुठे आहे ते स्क्रिप्टने एका व्हेरिएबलमध्ये ठेवायचं आणि त्यातलं सगळं पुसायचं, अशी ती ओळ होती. एका परिस्थितीत व्हेरिएबल रिकामं राहिलं. उरला फक्त स्लॅश आणि त्यापुढचा स्टार. शेलने स्टारच्या जागी मुळापासूनच्या सगळ्या फोल्डरांची नावं भरली आणि वापरणाऱ्याच्या मालकीच्या फाइली पुसल्या गेल्या. इथे तर व्हेरिएबलला अवतरणचिन्हंही होती! यादीच्या रूपात दिलेली स्पेस आर्ग्युमेंट तोडत नाही आणि स्टार हा नुसता स्टारच राहतो. हे दोन्ही अपघात शेलच्या मदतीनेच घडले.

दुसरं उत्तर जास्त फसवं आहे, कारण त्यात काळजी घेतल्याचं समाधान मिळतं. ‘आम्ही धोक्याची चिन्हं काढून टाकतो’ किंवा ‘नावाला अवतरणचिन्हांत घालतो’. गोव्यात आणि वसईत डिसोझा आडनावाची कितीतरी कुटुंबं आहेत, आणि इंग्रजीत हे आडनाव डीनंतर ॲपॉस्ट्रॉफी देऊन लिहिण्याची रीत आहे. स्क्रिप्टने नावाभोवती एकेरी अवतरण घातलं, तर या आडनावातलं चिन्ह ते अवतरण तिथेच बंद करतं आणि उरलेलं आडनाव उघड्यावर पडतं. सगळ्या यादीचे दाखले तयार होतात आणि नेमका या कुटुंबाचा अडतो. ज्याचं नाव आपल्या कोडला झेपत नाही त्याला सेवा मिळत नाही, इतका हा प्रश्न सरळ आहे.

चिन्हं गाळण्याचा इतिहास तर पराभवाचा आहे. नव्वदच्या दशकात एनसीएसए आणि अपाचे या वेब सर्व्हरांसोबत पीएचएफ नावाचा दूरध्वनी-यादी शोधणारा छोटा प्रोग्रॅम मिळत असे. शेलची धोक्याची चिन्हं निकामी करायला त्यात खास फंक्शन होतं. ते लिहिणाऱ्याच्या यादीतून एकच चिन्ह सुटलं: नव्या ओळीचं. शेलच्या दृष्टीने नवी ओळ म्हणजे नवी कमांड. १९९६मध्ये यावर जाहीर इशारा निघाला. जगभरच्या सर्व्हरांवरून पासवर्डच्या फाइली वाचण्याचा तो राजमार्ग झाला.

वीस वर्षांनी, डिसेंबर २०१६मध्ये, पीएचपीमेलर या फार मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीत याच जातीची चूक पुन्हा दिसली. पाठवणाऱ्याचा ईमेल पत्ता तिथे सेंडमेलच्या कमांडमध्ये जात होता. पत्ता वैध आहे की नाही हे तपासलंही जात होतं. पण ईमेलच्या नियमांप्रमाणे पत्त्याचा डावा भाग अवतरणचिन्हांत असेल तर त्यात स्पेस चालते. म्हणजे पूर्णपणे वैध पत्त्यातून सेंडमेलला जादा ऑप्शन पोचवता येत होते, त्याची नोंदवही वेबसाइटच्या फोल्डरमध्ये लिहवून घेता येत होती आणि ती पीएचपी म्हणून चालवता येत होती. यावर केलेली पहिली दुरुस्ती काही दिवसांतच अपुरी ठरली. लायब्ररीने एका फंक्शनने आर्ग्युमेंट बंदिस्त केला होता. पीएचपीचं मेल फंक्शन आतून दुसऱ्या फंक्शनने त्याच मजकुरावर पुन्हा संस्कार करत होतं. आणि दोन संस्कारांनी मिळून पहिलं अवतरण मोडलं. साफसफाईचे दोन थर एकावर एक चढवले आणि मधे भोक पडलं. दुसऱ्याच्या व्याकरणातली सगळी खास चिन्हं आपल्याला माहीत आहेत आणि वाटेत आणखी कुणी त्या मजकुराला हात लावणार नाही, या दोन गृहीतकांवर ही सगळी साफसफाई उभी असते. पीएचएफमध्ये पहिलं कोसळलं, पीएचपीमेलरमध्ये दोन्ही.

आता तिसरं उत्तर: पाइप. युनिक्सचे पाइप १९७३ साली डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहावरून केन थॉम्प्सन यांनी बसवले, आणि छोटी साधनं एकमेकांना जोडण्याची ती कल्पना संगणकाच्या इतिहासातल्या सर्वांत सुंदर कल्पनांपैकी एक आहे. तिचा मान राखूनच सांगतो, पायथॉनच्या स्क्रिप्टमध्ये दिसणारे बहुतेक पाइप अनावश्यक असतात. एका कमांडचा आउटपुट ग्रेपला, ग्रेपचा ऑकला, ऑकचा सॉर्टला. ओळी गाळणं, रकाना उचलणं, क्रम लावणं ही कामं करायला तर आपण स्क्रिप्टिंग भाषा हाती घेतली होती! पहिली कमांड यादीच्या रूपात चालवावी, तिचा आउटपुट घ्यावा आणि पुढचं काम आपल्या भाषेत दोन ओळींत उरकावं.

आणि ज्या ठिकाणी पाइप खरंच लागतो, तिथे शेलच्या हाती तो सुरक्षित असतो का? पोस्टग्रेसचा बॅकअप घेणारी सर्वपरिचित ओळ पाहा: पीजीडंपचा आउटपुट पाइपने जीझिपला, जीझिपचा फाइलमध्ये. शेल पाइपच्या फक्त शेवटच्या कमांडचा एक्झिट कोड परत देतो. पासवर्ड बदलल्यामुळे पीजीडंप पहिल्याच पायरीवर पडला, तरी जीझिप रिकामा मजकूर मन लावून दाबतो आणि शून्य परत करतो. रोज रात्री बॅकअपची फाइल तयार होते, तारीख बरोबर असते, आणि आत काही नसतं. बॅशमध्ये याला पाइपफेल हा उपाय आहे. पण ‘शेल = ट्रू’ म्हटल्यावर येतो तो /बिन/एसएच, आणि उबुंटूत २००६पासून त्या जागी बॅश नव्हे तर डॅश आहे. बॅशच्या भरवशावर लिहिलेली ओळ तिथे काय करील याची खात्री धरता येत नाही. त्यापेक्षा पीजीडंपला थेट चालवावं, त्याचा स्वतःचा दाबलेला फॉरमॅट मागावा आणि त्याचा एक्झिट कोड तपासावा. दोन प्रोग्रॅम जोडायचेच असतील तर सबप्रोसेसमध्ये एकाचा आउटपुट दुसऱ्याचा इनपुट करता येतो आणि दोघांचेही कोड स्वतंत्र कळतात. चारदोन ओळी जास्त लागतात, हे मान्य. बॅकअप आहे की नाही हे कळण्याची ती किंमत आहे आणि ती मला अजिबात जास्त वाटत नाही.

शेलची लांबलचक स्क्रिप्ट टाळताच येत नसेल, तर ती वेगळ्या फाइलमध्ये ठेवावी, तिचा मजकूर कधीही बदलू नये, आणि डेटा तिला आर्ग्युमेंट म्हणून द्यावा. आत तो ‘$१’ म्हणून, दुहेरी अवतरणात वापरावा. शेल असा नियम पाळून वापरला तर त्याच्याशी माझं भांडण नाही. डेटा आणि हुकूम एका स्ट्रिंगमध्ये कालवण्याशी आहे.

विरोधी बाजूचं एक म्हणणं मात्र मी खुल्या मनाने मान्य करतो: यादी दिली म्हणजे सगळे धोके संपले, असं नाही. ऑगस्ट २०१७मध्ये गिट, मर्क्युरियल आणि सबव्हर्जन या तिघांतही एक सारखंच भगदाड सापडलं. एसएसएचच्या पत्त्यात होस्टच्या नावाची सुरुवात उणे चिन्हाने केली, तर एसएसएच त्याला होस्ट न समजता ऑप्शन समजत असे आणि त्या ऑप्शनमधून हवी ती कमांड चालवता येत होती. तिथे प्रश्न शेलचा नव्हता, समोरच्या प्रोग्रॅमच्या वाचनाचा होता. म्हणून बाहेरून आलेलं नाव देण्याआधी, समोरचा प्रोग्रॅम मानत असेल तिथे, ‘--’ हा आर्ग्युमेंट द्यावा. मानत नसेल तिथे उणे चिन्हाने सुरू होणारं नाव सरळ नाकारावं. विंडोजवर अडचण आणखी खोल आहे. तिथे नव्या प्रोसेसला यादी मिळतच नाही, एकच ओळ मिळते आणि ती प्रत्येक प्रोग्रॅम आपल्या पद्धतीने तोडतो. एप्रिल २०२४मध्ये रस्टसकट अनेक भाषांच्या लायब्ररींत बॅच फाइली चालवताना यामुळेच आर्ग्युमेंटमधून कमांड घुसवता येते, हे उघड झालं. पण या दाखल्यांचा रोख नीट पाहावा. विंडोजवरचा दोष तर पुन्हा ओळ आणि तिच्यापलीकडचा कमांड वाचणारा यांच्यातूनच आला. यादी अपुरी पडते म्हणून स्ट्रिंगकडे परत जावं असा याचा अर्थ कुणीही लावू नये.

दुसऱ्या टोकाच्या मंडळींनाही उत्तर द्यायला हवं. त्यांचं म्हणणं असं, की बाहेरची कमांड चालवणं हाच आळस आहे, प्रत्येक गोष्टीला लायब्ररी वापरा. फोल्डर तयार करणं, फाइल हलवणं, तारीख काढणं यासाठी कमांड चालवू नये, इथवर आम्ही एकमताचे आहोत. पण वेगळा प्रोग्रॅम वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतो याचे स्वतःचे फायदे आहेत. बिघडलेल्या व्हिडिओवर एफएफएमपेग कोसळला तरी आपला प्रोग्रॅम उभा राहतो. तो अडकला तर ठरावीक वेळेनंतर मारता येतो. आणि इथेही शेल आडवा येतो: ‘शेल = ट्रू’ असताना वेळ संपली की पायथॉन मारतं ते शेलला, आणि खरं काम करणारी प्रोसेस अनेकदा मागे चालूच राहते. थेट बोलावलेला प्रोग्रॅम आपल्या ताब्यात असतो.

मग मागणी काय? सबप्रोसेस डॉट रन, आर्ग्युमेंटची यादी, ‘चेक = ट्रू’ म्हणजे अपयश आल्यावर प्रोग्रॅम गप्प बसणार नाही, आणि वेळेची मर्यादा. आउटपुट वाचायचा असेल तर एन्कोडिंग यूटीएफ-८ असं लिहूनच द्यावं, कारण विंडोजच्या पश्चिमी कोडपेजवर देवनागरी मजकुराची माती होते. ग्रेपला काही सापडलं नाही तर तो १ परत करतो आणि खरी चूक झाली तर २. असे फरक ज्या त्या कमांडचं मॅन्युअल वाचून कोडमध्ये उतरवावेत. एवढं लिहायला एक मिनिटही लागत नाही.

जे रिव्ह्यू करतात त्यांनी स्ट्रिंग जोडून चालवलेली प्रत्येक कमांड परत पाठवावी, मग स्क्रिप्ट कितीही घरगुती असो. जे शिकवतात त्यांनी यादी पहिल्या दिवशी शिकवावी. शेल नंतर, त्याच्या धोक्यांसकट. स्वतःच्या टर्मिनलवर शेल मनसोक्त वापरावा. तिथे चूक झाली तर ती आपल्या डोळ्यांसमोर होते आणि तिचं फळ आपल्यालाच भोगावं लागतं. प्रोग्रॅम मात्र कुणी समोर नसताना, दुसऱ्याच्या फाइलींवर, दुसऱ्याच्या नावांवर चालतो. त्या माणसांच्या डेटावर जुगार खेळण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिलेला नाही, आणि तो जुगार बंद करण्याचं साधन कितीतरी वर्षांपासून आपल्या हातात आहे.